‘ढ’पासून ‘विशेष गरजां’पर्यंत : महाराष्ट्रातील शालेय साहाय्याचा इतिहास

वर्गातल्या इतर मुलांच्या जोडीने पाहणे, ऐकणे, वाचणे, लिहिणे किंवा हिशेब करणे ज्याला जमत नाही, अशा मुलाला शाळेने कोणती मदत द्यायची, हा प्रश्न महाराष्ट्रात सुमारे एकशे चाळीस वर्षांपासून विचारला जात आहे. आधी अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या. त्यानंतर बऱ्याच काळाने परीक्षेतल्या सवलती आल्या. नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या वर्गात बसवून त्यांना नीट शिकवण्याची व्यवस्था सर्वांत शेवटी आली आणि ती अजून अपुरी आहे. आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ या क्रमात आहे.

‘ढ’ हा शब्द या साऱ्या इतिहासाहून जुना. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची वळणे पालटली, ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात शिकून काही फरक पडत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, शब्दातला निवाडा स्पष्ट आहे : न शिकण्याचा दोष मुलाचा, शिकवणाऱ्याचा किंवा शिकवण्याच्या पद्धतीचा नव्हे.

पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवणारा, मोडी वाचू लागलेला आणि पावकी-निमकी घोकणारा, अशी निरनिराळ्या वयांची मुले एकाच ओसरीवर बसत आणि पुढे गेलेला मुलगा मागच्याला शिकवी. तिथल्या शिक्षा क्रूर होत्या, मुली आणि बहुसंख्य जाती त्या ओसरीबाहेर होत्या. त्यामुळे त्या शाळेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या शाळेत प्रत्येक जण आपापल्या गतीने पुढे सरके. इंग्रजी अमदानीत इयत्ता आल्या, क्रमिक पुस्तके आली, वर्षाअखेरीची परीक्षा आली. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा सरकारी अधिकारी, तपासणीला येऊ लागला आणि शाळांना मिळणारे अनुदान मुलांच्या निकालाशी जोडले गेले. चाळीस मुलांनी एका वर्षात एकच पुस्तक संपवायचे ठरल्यावर ते न संपवू शकणारे मूल उठून दिसू लागले. ‘नापास’ ही अवस्था या व्यवस्थेने निर्माण केली, आणि त्यावर तिच्याकडे उपाय एकच होता : त्याच वर्गात पुन्हा बसवणे.

साहाय्याची सुरुवात मात्र नेहमीच्या शाळेत झाली नाही. १८८० च्या दशकाच्या मध्याला मुंबईत रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने बहिऱ्या मुलांसाठी शाळा निघाली. भारतातली या प्रकारची ती पहिली शाळा मानली जाते. त्याआधी थोडीच वर्षे, १८८० मध्ये, इटलीतील मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. खुणांच्या भाषेऐवजी तोंडी बोलण्याच्या आणि ओठ वाचण्याच्या पद्धतीनेच शिकवावे, असा ठराव तिने केला होता. त्या ठरावाची छाया जगभरच्या शाळांवर पडली आणि भारतातल्या शाळांवरही ती दीर्घकाळ राहिली. ऐकू न येणाऱ्या मुलाला उच्चार शिकवण्यात शाळेची अनेक वर्षे खर्ची पडत; गणित, इतिहास, विज्ञान यांना उरलेला वेळ मिळे. काही मुलांना ही पद्धत मानवली, पुष्कळांना मानवली नाही. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी आणि प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय पातळीवरची स्वतंत्र संस्था दिल्लीत स्थापन व्हायला २०१५ साल उजाडले, आणि ही भाषा देशभर प्रमाणित करण्याचा आग्रह २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आला. मुंबईच्या पहिल्या शाळेपासून मोजले तर मुलांच्या हातातली भाषा शिक्षणाची भाषा म्हणून मान्य व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

अंध मुलांच्या बाबतीत साधनाचा प्रश्न लवकर सुटला, कारण ब्रेल लिपी तयार होती. १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला अंधांसाठी शाळा काढली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी सुरू केलेली शाळा पुढे दादर अंधशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. पुण्यात डॉ. शंकरराव माचवे यांनी १९३४ मध्ये अंधशाळा स्थापन केली. या शाळांतून वेत विणणे, संगीत आणि हस्तव्यवसाय यांच्याबरोबर लेखन-वाचनही शिकवले जाई. पण एक मोठी अडचण होती. भारतीय भाषांसाठी ब्रेलच्या अनेक निरनिराळ्या संहिता चालू होत्या आणि एका शाळेत छापलेले पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला वाचता येईलच याची खात्री नव्हती. ही फाटाफूट १९५१ मध्ये थांबली. त्या वर्षी सर्व भारतीय भाषांसाठी मिळून एक संहिता मान्य झाली. तीच भारती ब्रेल.

भारती ब्रेलची रचना मराठी शिकवणाऱ्याने एकदा तरी समजून घ्यावी अशी आहे. सहा ठिपक्यांच्या जुळणीतून अक्षर होते आणि ‘क’ मराठीतला असो, तमिळमधला असो वा बंगालीतला, त्याची जुळणी एकच. छापील देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, उच्चार मात्र नंतर होतो. ब्रेलमध्ये ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ येतो, मग ‘इ’. म्हणजे जसे बोलायचे तसेच लिहायचे. मात्रेसाठी वेगळे चिन्ह नाही, स्वराचेच चिन्ह पुढे येते. जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण अक्षराच्या आधी येते, त्यामुळे बोटाला पुढे जोडाक्षर आहे हे अगोदरच कळते. डोळ्यांनी वाचणाऱ्या मुलाला वर-खाली, मागे-पुढे विखुरलेल्या ज्या खुणा गोळा कराव्या लागतात, त्या इथे एका ओळीत येतात. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि ब्रेल पुस्तकांच्या कामाला संघटित आधार मिळाला.

बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांची नोंद शाळेने सर्वांत उशिरा घेतली. अंधत्व आणि बहिरेपण दिसून येते. बुद्धीची गती मोजावी लागते. ते मोजमाप मराठीत आणण्याचे श्रेय डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे. बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीची मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी केलेली आवृत्ती त्यांनी १९३४ मध्ये मांडली, आणि पुढे ती बिने-कामत कसोटी या नावाने कित्येक दशके दवाखान्यांत व शाळांत वापरली गेली. मराठी मुलाची परीक्षा मराठी प्रश्नांनीच घेतली पाहिजे, परक्या भाषेतली कसोटी त्याला उगाच मंद ठरवते, ही जाण या कामामागे होती. पुढच्या अर्धशतकात तिचा विसर पडला, हे याच लेखात पुढे दिसेल. मोजमापाला दुसरी बाजूही होती. बुद्ध्यंकाचा आकडा मदत मिळवून देई, तसाच तो नेहमीच्या शाळेचे दार बंद करायलाही वापरला जाई.

१९४४ मध्ये मुंबईत होर्मसजी आणि जय वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी घरात सुरू केलेल्या वर्गातून आजची जय वकील शाळा वाढली. याच वर्षी आलेल्या शिक्षणविषयक सार्जंट अहवालाने अपंग मुलांचे शिक्षण ही शिक्षण खात्याची जबाबदारी असल्याचे मांडले होते. पण अहवाल सरकारी कपाटात राहिला आणि शाळा एका घराच्या दिवाणखान्यात उभी राहिली. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ सुरू केली. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांच्या मुलीला मेंदूचा पक्षाघात होता आणि तिला घेईल अशी शाळा देशात नव्हती. ऐकू व दिसू न येणाऱ्या मुलांसाठी १९७७ मध्ये हेलन केलर संस्था आली, तर श्रवणदोषाच्या क्षेत्रातली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये वांद्र्याला सुरू झाली. या यादीत मिशन, विश्वस्त संस्था आणि विशेषतः आईबाप पुन्हा पुन्हा दिसतात. महाराष्ट्रातले विशेष शिक्षण मुख्यतः अशा लोकांनी उभे केले आणि त्यांचे ऋण सरकारी इतिहासात पुरेसे नोंदलेले नाही.

इथेच एक प्रशासकीय भिंत उभी राहिली. या शाळांना अनुदान मिळे ते समाजकल्याण खात्याकडून. नेहमीच्या शाळा शिक्षण खात्याच्या. त्यामुळे अपंग मुलाचे शिकणे हे ‘कल्याण’ ठरले आणि इतर मुलांचे ‘शिक्षण’. विशेष शाळेतला शिक्षक आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक यांची प्रशिक्षणे वेगळी, अधिकारी वेगळे. विशेष शाळेत मुलाने प्रगती केली तरी त्याला नेहमीच्या शाळेत आणून बसवण्याचे काम कोणाचे, याला उत्तर नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण केला. त्याने या मुलांच्या प्रश्नांना हक्काचे कार्यालय दिले, पण शिक्षण खात्याशी असलेली शीव पुसली नाही.

भिंतीला खिंडार पाडण्याचा पहिला मोठा प्रयत्न कोठारी आयोगाने केला. १९६६ च्या अहवालात आयोगाने अपंग मुलांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग असावा असे म्हटले. १९७४ मध्ये केंद्र सरकारची अपंग एकात्म शिक्षण योजना आली. पुस्तके, गणवेश, प्रवास, उपकरणे, अंध विद्यार्थ्यासाठी वाचकाचा भत्ता असा खर्च तीतून मिळू लागला. ही योजनाही आधी समाजकल्याण मंत्रालयाकडेच होती, १९८२ मध्ये ती शिक्षण खात्याकडे आली. ‘एकात्म’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ मात्र मर्यादित राहिला : जे मूल वर्गाशी जुळवून घेऊ शकेल ते वर्गात येईल. वर्गाने मुलाशी जुळवून घ्यायचे, ही कल्पना विशेष गरजांच्या शिक्षणावरच्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय सालामांका जाहीरनाम्यानंतर ‘समावेशन’ या शब्दाबरोबर आली.

एवढ्या सगळ्या प्रयत्नांतून मुलांचा एक मोठा गट पूर्णपणे सुटला होता. या मुलांचे डोळे ठीक, कान ठीक, बुद्धी ठीक, बोलणे हुशारीचे. पण पुस्तक समोर आले की ओळ सरकत नाही, ‘भ’ आणि ‘म’ यांत घोटाळा, लिहिताना वेलांट्या उलट, गणितात हातचा विसरलेला. हीच ती पिढ्यान्‌पिढ्यांची ‘ढ’ मुले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकारची अपंगत्वे मान्य केली, त्यांत या मुलांची अडचण, म्हणजे अध्ययन अक्षमता, नव्हती. आणि तरीही १९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाने या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याचा अधिकृत निर्णय घेतला. असे करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. केंद्रीय कायद्याने या मुलांना जागा देण्याआधी वीस वर्षे एका राज्याने त्यांची अडचण खरी मानली, ही या इतिहासातली सर्वांत अभिमानाची गोष्ट आहे.

सवलती ठोस होत्या. लेखी परीक्षेला अर्धा तास जादा. शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापायचे नाहीत. हात चालत नसेल तर लेखनिक. एका भाषेतून सूट आणि तिच्या जागी कार्यानुभवाचा विषय. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित, जोडीला कार्यानुभवाचा आणखी एक विषय. त्यासाठी प्रमाणपत्र लागे आणि ते मुंबईतल्या मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांत मिळे. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांत अग्रणी होते. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि विशेष शिक्षक मिळून मुलाला तपासत. डोळे आणि कान आधी पाहिले जात, मग बुद्ध्यंक, मग वाचन-लेखन-गणिताच्या कसोट्या. बुद्ध्यंक सर्वसाधारण किंवा वरचा आणि अभ्यासातली पातळी इयत्तेपेक्षा दोन वर्षे मागे, असे आढळले की निदान होई. त्याला अनेक फेऱ्या लागत. बाहेरगावच्या पालकाला मुंबईत राहण्याची सोय पाहावी लागे.

या व्यवस्थेने हजारो मुलांना दहावीच्या पलीकडे नेले. तिची उणीवही तिच्या रचनेतच होती. मदत परीक्षेच्या मांडवात उभी होती, वर्गात नव्हती. अध्ययन अक्षमतेवर खरा उपाय म्हणजे लहान वयात, आठवड्यातून काही तास, ध्वनी आणि अक्षर यांची सांगड पुन्हा पुन्हा घालून देणारे उपचारात्मक शिक्षण. ते पहिली ते चौथीत मिळायला हवे. प्रत्यक्षात पुष्कळ मुले दहावी जवळ आल्यावर तपासणीला येत, कारण प्रमाणपत्राचा उपयोग तिथेच होता. कागद हातात पडला की धावपळ संपे. वाचायला शिकवणे राहून जाई.

दुसरी उणीव भाषेची. वाचन-लेखनाच्या प्रमाणित कसोट्या प्रामुख्याने इंग्रजीत होत्या, त्यामुळे प्रमाणपत्र मिळवणारी मुले मुख्यतः इंग्रजी माध्यमाची निघत. मराठी शाळेतल्या मुलाचे निदान भाषांतरित किंवा तात्पुरत्या कसोट्यांवर चाले. कामतांनी १९३४ मध्ये जे ओळखले होते, ते इथे हरवले. मराठीचे प्रश्न इंग्रजीचे नव्हेत. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात, त्यामुळे अडखळणारे मूल चुकीचे वाचते. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे. त्यामुळे मराठी मूल बहुधा बरोबर वाचते, पण फार हळू वाचते आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरते. अडचण कुठे असते? जोडाक्षरांत, ऱ्हस्व-दीर्घात, रफाराच्या नाना रूपांत, ‘घ-ध’, ‘प-ष’ अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत, आणि बाराखडीतून शेकड्यांनी होणाऱ्या चिन्हांच्या नुसत्या संख्येत. बाराखडी पाठ म्हणणारे मूल ‘कृष्णा’ वाचताना थांबते. हे इंग्रजी कसोटीला कळणार नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ च्या सुमारास ‘दाली’ हा चाचणीसंच प्रसिद्ध केला. त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही होती. मराठीतून वाचन शिकणाऱ्या मुलाला मराठीतून तपासण्याची सोय इतक्या उशिरा झाली.

गणितातही भाषा आड येते, याची चर्चा २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने ऐकली. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’, ‘त्रेसष्ट’ यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची रीत दिली गेली. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारले जातात, लिहिताना मात्र आधी दोन लिहायचे. शिवाय ‘एकोणतीस’ची सुरुवात तिसापासून. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांची ही अडचण मांडून बदलाचे समर्थन केले. विरोध मोठा झाला, चर्चा अस्मितेकडे वळली. तो बदल अध्ययन अक्षम मुलांपुरता नव्हता, तरी मुद्दा त्यांच्या जिवाचा होता : अडखळणाऱ्या मुलाला धारेवर धरण्याआधी वाट तपासून पाहावी. त्या मुद्द्याला न्याय मिळाला नाही.

२००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घराघरांत पोहोचला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य अपंगत्वांची संख्या सातावरून एकवीस केली आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेला देशभर कायद्याची जागा मिळाली. परीक्षेतल्या जादा वेळेचे प्रमाण २०१३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान वीस मिनिटे असे ठरवले होतेच.

गावोगावच्या शाळांत मदत पोहोचू लागली ती सर्व शिक्षा अभियानाबरोबर. या अभियानात सुरुवातीला दर विशेष मुलामागे वर्षाला १,२०० रुपयांपर्यंतची तरतूद होती. शिबिरात तपासणी, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चाकाच्या खुर्चीसाठी उतरण, स्वच्छतागृहात धरायला दांडा, गट साधन केंद्रावर संसाधन कक्ष, अशी कामे त्यातून झाली. उतरण बांधणे सोपे असते. तिचा फोटो काढता येतो. शिकवण्याचे काम ज्यांच्यावर होते ते फिरते विशेष शिक्षक कराराने नेमले गेले. तुटपुंज्या मानधनावर, दुचाकीवरून, एका दिवसात दोन-तीन वाड्या करत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. तेव्हा याच शिक्षकांनी खाटेशेजारी बसून रंग, आकडे आणि घास हाताने खाणे शिकवले. या कामाची किंमत पटसंख्येच्या तक्त्यात मोजता येत नाही, पण ज्या घरात ते झाले त्या घराला ती ठाऊक आहे.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण शाळांतही विशेष शिक्षकांची कायम पदे असावीत आणि विद्यार्थी-शिक्षक प्रमाण ठरवावे, असा निर्णय दिला. त्यापाठोपाठ २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या समूह केंद्र पातळीवर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा आणि करारावरच्या शिक्षकांना त्यांवर सामावून घेण्याचा निर्णय केला. एका केंद्राखाली साधारणपणे दहा-पंधरा शाळा येतात. म्हणजे ही सगळी पदे भरली, तरी एका शाळेतल्या मुलाच्या वाट्याला विशेष शिक्षक पंधरवड्यातून एखादाच दिवस येतो.